पिशवीवरची बंदी आणि पाटीवरचा दंड

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांची मुदत संपताच, २३ जूनपासून, महापालिकांची पथके बाजारांत उतरली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांचा कारावास, असे दंडाचे कोष्टक होते. मॉलचा मालक आणि रस्त्याच्या कडेला कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेली बाई यांच्यात या कोष्टकाने भेद केलेला नव्हता. कायद्यापुढे सर्व समान, हे तत्त्व राज्यकर्त्यांना अशा वेळी नेमके आठवते. ज्या पाटीतल्या सगळ्या मालाची किंमत हजार-बाराशे रुपयांच्या वर जात नाही, त्या पाटीला पाच हजारांचा दंड म्हणजे दंड नव्हे, धंद्याचा शेवटच होय.

मात्र हाच कायदा इतरत्र किती लवचिक होऊ शकतो, हेही त्याच सुमारास दिसून आले. पथके फिरू लागून आठवडा उलटण्यापूर्वीच दुकानदारांच्या संघटनांचे गाऱ्हाणे मंत्रालयाने ऐकले आणि वाणसामानाच्या वेष्टनासाठी जाड प्लास्टिकला सवलत मिळाली. कारखान्यातच मालाला गुंडाळून येणारे प्लास्टिक तर पहिल्या दिवसापासून बंदीच्या कक्षेबाहेर होते. बिस्किटे, वेफर्स, शांपूच्या पुड्या यांची चकचकीत वेष्टने, जी ना कुजतात, ना भंगारवाला घेतो, ती सुखेनैव विकली जात राहिली. राहिली ती केवळ हातातली पिशवी, आणि पिशवी देणारा हात.

या विषमतेची चीड येऊन पक्षाचे काही कार्यकर्ते बंदीच्याच विरोधात व्यापाऱ्यांच्या मोर्चांत सामील होऊ पाहतात. त्यांची चीड रास्त असली तरी निष्कर्ष चुकीचा आहे. प्लास्टिकची पिशवी ही गरिबाची सोय आहे, हा युक्तिवाद वरवरचा आहे. नाला तुंबला की पाणी प्रथम शिरते ते नाल्याकाठच्या झोपडीत. तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात नव्हे. कचऱ्याचे डोंगर उभे राहतात ते देवनार-गोवंडीच्या, उरुळी-फुरसुंगीच्या माथी. आणि डोंगर पेटले की धूर गिळतात तेही तिथलेच लोक. तेव्हा निर्बंध हवेतच. प्रश्न आहे तो निर्बंध कोणावर, किती आणि कोणाच्या संमतीने, हा.

या प्रश्नाच्या मुळाशी जायचे तर २६ जुलै २००५ ची आठवण काढावी लागते. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, शेकडो माणसे बुडून, दरडींखाली सापडून मेली, आणि पाणी ओसरण्याच्या आतच पिशवीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. गटारांच्या तोंडाशी पिशव्या अडकल्या होत्या, हे खरेच. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मुंबईची पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसापुरतीच बांधलेली होती आणि ती वाढविण्याच्या योजनेचा अहवाल १९९३ पासून पालिकेच्या दप्तरात पडून होता. मिठी नदीचे पात्र भराव घालून आवळण्यात आले होते, तिच्या मुखाशी असलेली तिवरांची वने तोडून जमीन केली गेली होती, आणि त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारती कोणाच्या होत्या हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. पिशवीला वकील नसतो. भराव घालणाऱ्याला असतो. २००६ साली राज्यात पन्नास मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी आली. भरावावर मात्र त्याच तडफेने बंदी आली नाही.

आणि ही पिशवी तरी कोणी मागितली होती? चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मराठी घरात दाराआडच्या खुंटीला कापडी पिशवी टांगलेली असे. जुन्या पँटीची, परकराची, गादीच्या खोळीची शिवलेली ती पिशवी फाटेपर्यंत आणि ठिगळ लावून पुन्हा फाटेपर्यंत चाले. वाणी डाळ-साखर वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून द्यायचा. त्या कागदी पिशव्या चाळींतल्या आणि वस्त्यांतल्या बायका रद्दी कापून, खळ लावून, शेकड्याच्या हिशेबाने घरी बसून चिकटवायच्या. मजुरी तुटपुंजीच होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण प्लास्टिकची पिशवी आली तेव्हा त्या बायकांचे काम एका रात्रीत गेले आणि त्यांच्या बेकारीबद्दल एकाही उद्योग-संघटनेने निवेदन काढले नाही. २०१८ मध्ये पिशवी-उत्पादकांना कामगारांच्या रोजगाराचा जो कळवळा आला, त्या पार्श्वभूमीवर हा इतिहास ध्यानात ठेवलेला बरा.

दुधाचेच पाहा. आरेच्या केंद्रांवर दूध काचेच्या बाटलीत मिळे आणि रिकामी बाटली परत केल्यावर भरलेली हाती पडे. हे कोणा पर्यावरणवाद्याचे स्वप्न नव्हते. शासनाने, शासनाच्या नोकरांकरवी, मुंबईसारख्या महानगरात पहाटे पहाटे चालविलेली व्यवस्था होती. नंतर ती मोडीत निघाली, कारण बाटली परत नेणे, धुणे, पुन्हा भरणे याला माणसे लागतात आणि प्लास्टिकची पिशवी फेकायला कोणी लागत नाही. म्हणजे फेकण्याचा खर्च नाहीसा झाला नाही. तो दुग्धव्यवसायाच्या हिशेबातून निघून महापालिकेच्या झाडूवाल्याच्या पाठीवर आला. २०१८ च्या अधिसूचनेने दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे पन्नास पैसे परत देण्याची तरतूद केली होती. योजना योग्य होती, आणि म्हणूनच दूध उत्पादकांनी तिला हात लावला नाही. त्या हातांवर पाच हजारांची पावती फाडायला कोणतेही पथक गेले नाही.

आता मायक्रॉनचा प्रश्न. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १९९९ च्या केंद्रीय नियमांत पिशवीची किमान जाडी वीस मायक्रॉन ठरली; २०११ मध्ये चाळीस, २०१६ मध्ये पन्नास, ३० सप्टेंबर २०२१ पासून पंचाहत्तर आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून एकशे वीस. या चढत्या आकड्यांमागे तर्क नाही असे नाही. पिशवी जाड झाली की महाग होते, दुकानदार ती फुकट वाटत नाही, आणि कचरावेचकाला ती उचलणे परवडते. परंतु हा तर्क ज्याने बाजारात पाळायचा त्याच्या हाती जाडी मोजण्याचे यंत्र नाही. भाजीवाला पिशव्यांचा गठ्ठा घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो, तो सांगेल ते खरे मानतो, आणि दंड मात्र स्वतः भरतो. कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी, जी बहुतेक ग्राहक भाबडेपणाने कापडीच समजतात, तीही प्लास्टिकच्याच तंतूंची असते. तिला मायक्रॉन नव्हे, तर दर चौरस मीटरला साठ ग्रॅम वजनाचे माप लागू होते. हे सारे पालिकेच्या निरीक्षकालाही धड ठाऊक नसते. जिथे नियम कोणालाच नीट कळत नाही, तिथे तडजोडीचा भाव ठरतो, हे वेगळे सांगायला नको. कारखान्याच्या दारात जाडी तपासली तर बाजारात ती तपासावी लागणार नाही. पण कारखाने थोडे आणि त्यांचे मालक ओळखीचे. पाट्या हजारो आणि निनावी.

पिशवीच्या किमतीची कथा याहून बोधप्रद आहे. २०११ च्या केंद्रीय नियमांनी पिशवी फुकट देण्यास मनाई केली आणि किमान किंमत ठरविण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला. आयर्लंडमध्ये २००२ पासून दर पिशवीमागे पंधरा सेंटचा कर बसला आणि तो पैसा पर्यावरणासाठीच्या स्वतंत्र निधीत गेला. पिशव्यांचा वापर झपाट्याने घसरला. इथे पैसा गेला दुकानदाराच्या गल्ल्यात. मोठ्या दुकानांनी पिशवीला विक्रीची वस्तू बनविले आणि तिच्यावर आपले नाव छापले. २०१९ साली चंडीगढच्या ग्राहक मंचाने एका पादत्राण कंपनीला कागदी पिशवीचे तीन रुपये घेतल्याबद्दल भरपाई द्यायला लावली. पिशवीवर कंपनीचेच नाव होते, म्हणजे ग्राहकाने पैसे मोजून तिची जाहिरात हातात मिरवायची होती. २०१६ च्या नियमांत पिशव्या देऊ इच्छिणाऱ्या दुकानदाराने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून महिना किमान चार हजार, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार रुपये भरावेत, अशी तरतूद होती. फेरीवाल्याला ती झेपणारी नव्हती, हा तिचा दोष. तो श्रेणी लावून दूर करता आला असता. परंतु कचरा उचलण्याचा खर्च पिशवी वाटणाऱ्या मोठ्या दुकानाकडून पालिकेला मिळावा, हे तत्त्व त्यात होते. केंद्र शासनाने ते कलमच २७ मार्च २०१८ रोजी काढून टाकले. महाराष्ट्राने बंदीचा गाजावाजा केला त्याला तेव्हा चार दिवस झाले होते.

मग स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वाट्याला उरले काय? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन आणि पर्यावरणाचे रक्षण हे विषय नगरपालिकांसाठी नमूद केले. प्रत्यक्षात जाडी दिल्ली ठरविते, दंड मुंबईचे मंत्रालय ठरविते, आणि नगरपालिका पावती फाडते. स्वराज्य संस्था ही पोलीस चौकीची शाखा झाली. त्यातही मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यानंतर आणि राज्यातील अनेक महापालिकांत त्याच सुमारास प्रशासकांचा अंमल सुरू झाला, तो वर्षानुवर्षे लांबला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली तेव्हा या शहरांत तिची अंमलबजावणी कशी करावी यावर चर्चा करायला निवडून आलेले सभागृहच अस्तित्वात नव्हते. आयुक्ताने फर्मान काढायचे आणि पथकाने पाटी उचलायची, एवढ्यावर नागरी शासन येऊन ठेपले होते.

खरे तर यासाठी कायद्याने व्यासपीठ दिलेले आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात प्रत्येक शहरात समिती नेमून तिच्यावर किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावेत, असे बंधन आहे. पिशवीबंदीचा विषय या समितीपुढे नेला असता तर विक्रेत्यांनीच सांगितले असते की ओल्या मासळीला काय लागते, दह्याला काय लागते, कापडी पिशव्या बाजाराच्या तोंडाशी अनामत घेऊन कोणी द्यायच्या आणि संध्याकाळी परत कोणी घ्यायच्या. मासळीबाजारातल्या कोळणीला केळीच्या आणि पळसाच्या पानांची ओळख पर्यावरण खात्याने करून द्यावी लागत नाही. बचत गटांतल्या बायकांना पिशव्या शिवण्याचे काम देण्याच्या घोषणा पालिकांनी २०१८ मध्ये केल्याच होत्या; कापड, शिलाईचा दर आणि खरेदीची हमी यांवाचून घोषणेची पिशवी होत नाही.

राहता राहिले ते दोन वर्ग, ज्यांच्याविषयी समाजवाद्यांनी तरी मौन पाळू नये. एक, पिशव्यांच्या छोट्या कारखान्यांतले कंत्राटी मजूर. मालक यंत्र बदलून दुसरा माल काढतो किंवा शेजारच्या राज्यात जातो. मजुराला ना नोटीस मिळते, ना भरपाई. बंदीच्या अधिसूचनेत त्याच्यासाठी एक ओळही नव्हती. मालकांच्या आक्रोशात त्याचा आवाज मिसळू न देता त्याची मागणी वेगळी मांडणे, हे कामगार संघटनेचे काम आहे. दुसरा वर्ग कचरावेचकांचा. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिने या बायकांना ओळखपत्र मिळवून दिले, आणि पुढे त्यांच्याच सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम पालिकेशी करार करून अंगावर घेतले. आज शहरातले जे प्लास्टिक पुन्हा वापरात जाते ते या हातांमुळे. पण त्या बाटली उचलतात, जाड पिशवी उचलतात. पातळ पिशवीला हात लावीत नाहीत, कारण किलोभर भरायला शेकडो पिशव्या वेचाव्या लागतात आणि भंगाराच्या दुकानात तिला जवळजवळ मोल नाही. उत्पादकावर विल्हेवाटीची जबाबदारी टाकणारे नियम २०१६ पासून कागदावर आहेत. त्या जबाबदारीचा पैसा प्रमाणपत्रांच्या देवघेवीत न जिरता पातळ पिशवी आणि चकचकीत वेष्टने उचलणाऱ्या बाईला किलोमागे दर म्हणून मिळू लागला, तर नाल्याचे तोंड पथकांवाचून मोकळे होईल.

पक्षाच्या शहर शाखांनी यासाठी नव्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक प्रभाग कार्यालयात दंडाच्या पावत्यांची नोंद असते आणि माहितीच्या अधिकाराखाली ती मिळते. पावती कोणाच्या नावे फाटली, फेरीवाला किती, दुकानदार किती, मॉल किती, आणि कारखाना एक तरी आहे काय, एवढे चार रकाने भरून ते वॉर्डातल्या सभेत वाचून दाखवावेत. दंडाची श्रेणी विक्रीच्या प्रमाणात लावावी, पाटीवाल्याला पहिल्या वेळी पावतीऐवजी कापडी पिशव्या द्याव्यात, आणि जमलेला दंड सामान्य खात्यात न जाता कचरावेचकांच्या दरासाठी वेगळा राहावा, हे तीन ठराव पालिकेच्या सभागृहात मांडायला एक नगरसेवकही पुरतो. जिथे आपला नगरसेवक नाही तिथे पथविक्रेता समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे आयुक्तांना लेखी विचारावे.