पाव्हण्यांना दाखवायची ती मुंबई कोणाची?

गिरणी कामगार बंधूंनो, भगिनींनो, आणि भोंगा बंद झाल्यावर जन्मलेल्या आमच्या लेकरांनो!

शनिवारी सकाळी गावाहून पाव्हणे येतात. संगं तांदळाची पिशवी, कुळथाचं पीठ, आणि पोरांचा एकच घोशा, मुंबई दाखवा! मग आपण काय दाखवतो? गेटवे, राणीचा हार, नटनट्यांचे बंगले, आणि शेवटी थंडगार मॉल. सोमवारी पाव्हणे गावी जाऊन सांगतात, मुंबई लई मोठी, पण आपल्या माणसाचं तिथं काय नाही. हे त्यांना कोणी शिकवलं? आम्ही स्पष्टच म्हणतो, आपणच शिकवलं!

गेटवे दाखवू नका असे आमचे म्हणणे नाही. पोरांना समुद्र बघू द्या, लाँचीत बसू द्या. पण एवढं सांगा, की १९११ साली इंग्रजांचा बादशहा आला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधायला घेतली, ती खुली व्हायला १९२४ उजाडलं, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला गोऱ्यांची शेवटची पलटण ह्याच कमानीखालून चालत जाऊन बोटीत बसली. बादशहाच्या थाटाचा असा निकाल लागला! तेवढं झालं की निघा.

पुढे हुतात्मा चौक. इथं घाई नको. २१ नोव्हेंबर १९५५ ला ह्याच जागी लोकांवर गोळ्या चालल्या. स्मारक १९६१ साली उभं राहिलं. पोरांना पुतळ्याकडे नीट बघायला लावा. एक शेतकरी आहे, एक कामगार आहे, आणि दोघांची मिळून एक मशाल आहे. गावचा पाव्हणा आणि मुंबईचा यजमान, दोघेही तिथं उभे आहेत की!

आता रविवार. फिरायला निघण्याआधी चहा पितापिता पाव्हण्यांना विचारा, हा रविवार आला कुठून? कॅलेंडरातून, म्हणतील. नाही भाऊजी! मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली, तेव्हापासून कितीतरी वर्षे कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, ‘दीनबंधु’ चालवणारे. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेला माणूस. त्यांनी कामगार जमवले, अर्ज केले, सभा घेतल्या. १८९० च्या एप्रिलात दहा हजारांची सभा भरली, आणि तीत दोन कामगार बायांनी उभं राहून भाषण केलं. त्या काळी, बरं का! जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. ज्या दिवशी आपण पाव्हणे फिरवतो तो दिवसच मुळी कामगाराने मिळवलेला आहे. मुंबई दाखवायची सुरुवात इथून का करू नये?

मग भायखळा. राणीच्या बागेत पोरं पेंग्विन बघतील, बघू देत. पण शेजारच्या १८७२ सालच्या म्युझियमपाशी घारापुरीचा दगडी हत्ती आहे, त्याला चुकवू नका. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले आणि उचलताना हत्ती फुटला. गेला नाही तो नाहीच!

तिथून लालबाग. चिवडा गल्लीत पाव्हणे आपोआप थांबतात, त्यांना ओढू नका. चाळीची दहा बाय बाराची खोली दाखवा. एका गाळ्यात वीस-वीस माणसं कशी राहत, पहिली पाळी कामावर गेली की तिसऱ्या पाळीचा माणूस त्याच जागेवर कसा पडे, आणि एकाच गावच्या ह्या माणसांना खानावळीच्या मावशी उधारीवर कशा जेवू घालत, हे सांगायला आपल्याला लाज का वाटावी? गावचं घर ह्याच खोलीतल्या मनिऑर्डरीवर उभं राहिलं, हे पाव्हण्यांना ठाऊक आहे. तुम्ही बोला, ते ऐकतील.

लोअर परळला मात्र खरी परीक्षा आहे. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आहे, आणि भाचा विचारणार, मामा, तुमचा साचा कुठं होता? तेव्हा विषय बदलू नका. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडला, ते सगळं सांगा. हरलो तेही सांगा. पुढे १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा घरांसाठी, एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, आणि एक मालकाला, असे ठरले होते. २००१ साली त्या नियमाचा अर्थच फिरवला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, इमारती होत्या ती जमीन सगळी मालकाची! २००६ साली सुप्रीम कोर्टाने तेही कायम ठेवले. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन ती किती असणार? लूमखातं का मैदानात चालत होतं?

भाचा पुढचं विचारीलच, मग मामा, तुम्ही बदलापुरात का राहता? ह्याचं उत्तर म्हाडाच्या सोडतीचा अर्ज दाखवून द्या. पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांनी अर्जाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे, तो रविवारी खिशात असू द्या. मॉलच्या दारात उभं राहूनच दाखवा. दारावरचा वॉचमन काही बोलला तर त्यालाही त्याचं गाव विचारा. बहुतेक तोही कोणाचा तरी भाचाच निघेल.