धड्याचे वजन

दप्तराचे वजन काट्यावर करता येते. पण शिक्षकांनी मोबाइलवर पाठवलेल्या धड्याचे? ते बाइटमध्ये मोजतात. माझे स्पष्ट मत असे, की ऑनलाइन धडा तयार करणाऱ्या प्रत्येकाने, आम्ही महाविद्यालयातले अध्यापकही त्यात आलो, तो पाठवण्याआधी त्याचे वजन पाहिलेच पाहिजे.

समजा, नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्यात एका घरी मोबाइल एकच आहे. दिवसभर तो वडिलांबरोबर शेतात असतो. रात्री दहावीतला भाऊ आणि सातवीतली बहीण तो वाटून घेतात. त्यांच्याकडे दहा मिनिटांचा व्हिडिओ आला. सेकंदाला १० लाख बिट धरले, तर ६०० सेकंदांचे ६० कोटी बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ७५ मेगाबाइट झाले. तोच धडा नुसत्या आवाजात सांगितला तर सेकंदाला ६४ हजार बिट भरपूर होतात, वजन ४.८ मेगाबाइट. आणि लिहून पाठवला तर? यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते (काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची बरे का!). सात हजार चिन्हे धरली तरी भरतात २१ किलोबाइट. व्हिडिओच्या साडेतीन हजारांव्या भागाइतकेही नाही!

म्हणून व्हिडिओ नकोच, असे नाही. लोलकाचे आंदोलन डोळ्यांनीच पाहावे. पण त्याला अर्धे मिनिट पुरते. पुस्तक वाचून दाखवण्यासाठी कॅमेरा कशाला? छापील पानाचा फोटो काढून पाठवणे तर मला मुळीच पटत नाही. तो जड असतो, आणि त्यातला शब्द सहजी शोधता येत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. ‘नवीन’, ‘शेवटचे’, ‘शेवटचे २’ अशा नावांच्या फायलींतून परीक्षेच्या आदल्या रात्री काय सापडणार? मौज अशी, की अनेक ठिकाणी संगणक नावे एकेक चिन्ह ताडून लावतो. त्याच्या दृष्टीने १ हा २ च्या आधी, म्हणून ‘धडा १०’ हा ‘धडा २’ च्या आधी येऊन बसतो! ‘धडा ०२’ असे लिहिले की क्रम सुधारतो. तारीखही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी: २०२५-०६-१६.

तुमच्या पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड तुम्ही पाहिलेच असतील. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही ते आले. डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. हा कोड मुळात १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो उद्योगसमूहात मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार झाला. त्याची रचना अशी, की दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी वापरली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. परंतु त्यात बहुधा धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. पत्त्यावरची फाइल कोणी हलवली, की शाबूत कोडही निरुपयोगी.

तेव्हा प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला वर्गातल्या दोघांनी सगळे कोड तपासावेत, आणि तेही गावातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर. जो धडा तिथे उघडत नाही, त्याचा क्रमांक शिक्षकांना लिहून द्यावा. शिक्षक रागावणार नाहीत. रागावले तर हा अंक त्यांना दाखवा.