ओळखीचा शब्द, परका अर्थ

आमच्या शास्त्रकारांनीं शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा तीन शक्ति सांगितल्या आहेत. परंतु त्यांचा सारा व्यवहार बोलणारा व ऐकणारा यांस ठाऊक असलेल्या संकेतावर चालतो. एका गांवांत हा संकेत सहज जुळतो. प्रांत बदलला कीं तो डळमळूं लागतो. हिंदींत 'शिक्षा' म्हणजे विद्यादान. मराठींत ती छडीनें होते. हिंदी बोलणारा गृहस्थ 'चेष्टा' करण्याचें वचन देतो तेव्हां त्याच्या मनांत प्रयत्न असतो. आपणांस मात्र हा आपली थट्टा करणार कीं काय, अशी शंका येते. दोन्ही शब्द संस्कृतांतलेच. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अनोळखी शब्दाचा अर्थ आपण विचारून घेतों; ओळखीचा वाटणारा शब्द ती पृच्छाच होऊं देत नाहीं, आणि अनर्थाचा उगम तेथें असतो.

अशा अनर्थाचें मोठें उदाहरण न्यूझीलंडच्या इतिहासांत आढळतें. तेथील मूळ रहिवासी माओरी. इंग्लंडच्या राणीचा प्रतिनिधि कॅप्टन हॉब्सन आणि माओरी सरदार यांच्यामध्यें ६ फेब्रुवारी १८४० रोजीं वाइतंगी येथें तह झाला. मसुदा इंग्रजींत होता. हेन्री विल्यम्स नांवाच्या मिशनऱ्यानें आपल्या मुलाच्या साह्यानें एका रात्रींत त्याचें माओरी भाषांतर केलें.

इंग्रजी प्रतीच्या पहिल्या कलमाप्रमाणें सरदारांनीं आपली सार्वभौम सत्ता राणीस अर्पण केली. माओरी प्रतींत त्या जागीं 'कावनातंगा' हा शब्द आला. 'कावना' हें 'गव्हर्नर' या इंग्रजी शब्दाचेंच माओरी रूप. त्यावरून 'कावनातंगा' म्हणजे गव्हर्नराचा कारभार. दुसऱ्या कलमांत इंग्रजीप्रमाणें जमिनी, अरण्यें व मासेमारी यांचा निर्वेध ताबा सरदारांकडे राहावयाचा होता. माओरी प्रतींत मात्र 'तिनो रंगातिरातंगा', म्हणजे पूर्ण सरदारकी, त्यांच्याकडेच राहील असें लिहिलें गेलें. एका प्रतीप्रमाणें सत्ता दिली. दुसरीप्रमाणें कारभार दिला आणि सत्ता राखली. पुढें देशभर फिरून सुमारें ५४० सरदारांच्या सह्या झाल्या. त्यांपैकीं ३९ वगळतां बाकी सर्वांनीं माओरी प्रतीवर सही केली.

माओरी भाषेंत योग्य शब्द नव्हता असेंही नाहीं. १८३५ सालच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत सार्वभौम अधिकारासाठीं 'माना' हा शब्द आलेला होता. तहांत तो कां आला नाहीं, घाईमुळें कीं हेतुपूर्वक, याविषयीं तेथील विद्वानांत मतभेद आहेत.

परिणाम फार काळ थांबले नाहींत. तहावर सही करण्यांत अग्रेसर असलेला होने हेके यानेंच १८४४-४५ सालीं कोरोरारेका येथील ब्रिटिश निशाणाचा खांब चार वेळां तोडविला व युद्ध पेटलें. १८६० नंतरच्या दशकांत पुन्हां युद्धें झालीं आणि माओरींच्या विस्तीर्ण जमिनी सरकारजमा झाल्या. दोन प्रतींच्या अर्थाचा निर्णय करण्यासाठीं १९७५ सालीं स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापन झालें. त्यानें २०१४ सालीं निष्कर्ष दिला कीं, फेब्रुवारी १८४० मध्यें सही करणाऱ्या सरदारांनीं सार्वभौम सत्ता सोडलीच नव्हती. एका रात्रीच्या भाषांतराचा अर्थ लावावयास पावणेदोनशें वर्षें लागलीं, आणि तरी वाद मिटला नाहीं. सरकारनें आपल्या सत्तेचा दावा कायमच ठेविला.

हें सांगण्याचें कारण असें कीं, आतां आपल्या घराघरांतून दोन संकेत एकत्र नांदूं लागले आहेत. मुलें परदेशीं नोकरीस जातात; सुना व जांवई परप्रांतांतून येतात. आपण निघतांना 'येतों' म्हणतों. एखाद्या नवख्या सुनेनें तें ऐकून पाहुण्यांसाठीं पुन्हां चहाचें आधण ठेविलें तर तिला हंसूं नये. तिनें शब्दाचा सरळ अर्थ घेतला, इतकेंच. तिच्या घरचा एखादा शब्द आपणांस टोंचला तर तिच्या स्वभावास दोष देण्यापूर्वीं त्या शब्दाचा तिच्या माहेरीं काय अर्थ होतो तें विचारावें.

याविषयीं आमच्या शास्त्रार्थाची जुनी रीत फार उपयोगी आहे. चांगला पंडित उत्तर देण्यापूर्वीं प्रतिपक्षाचें म्हणणें पूर्वपक्ष म्हणून स्वतः मांडीत असे. सोयरिकीची बोलणी असो कीं व्यवहाराचा कागद, समोरच्याचें म्हणणें आपल्या शब्दांत त्यास परत सांगावें व त्यानें 'होय' म्हटल्यावरच पुढें जावें. त्यांत फार तर घटकाभर वेळ जाईल. वाइतंगी येथें तेवढी घटका कोणी काढिली नाहीं.