खरं गोजू-र्‍यू कुणाचं?

गेले दोन महिने आमच्या घरात कराटेवरून अबोला आहे. नात ज्या क्लासला जाते तिथल्या दोन सरांचं बिनसलं. आता क्लास दोन, आणि दोघांच्याही भिंतीवर तक्ता मात्र तोच! सगळ्यात वर मियागी चोजुन, मग बाण, मग आपापले गुरू. "आजी, आमचंच गोजू-र्‍यू खरं, त्यांचं नाही," असं नात मला ऐकवते. तिची तिसरीपासूनची मैत्रीण त्या दुसऱ्या क्लासला गेली. तिच्याशी सरावाबद्दल बोलायचं नाही, असं सरांनी सांगितलंय. बारा वर्षांच्या पोरी हो या!

मला कराटेतलं काही कळत नाही. पण हे ऐकून राग आला, आणि हट्टानं मियागींबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

मूळ गुरू हिगाओन्ना कान्र्‍यो, जन्म १८५३, ओकिनावा बेटावरच्या नाहा गावचे. हे चीनमधल्या फूचौला जाऊन र्‍यू र्‍यू को नावाच्या गुरूंकडे शिकले. आता हे र्‍यू र्‍यू को नक्की कोण, यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणजे तक्त्याचं मूळच धुक्यात! हिगाओन्ना १९१५ साली गेले. त्यांचे दोन मोठे शिष्य, मियागी (जन्म १८८८) आणि क्योदा जुहात्सु. एकाच गुरूकडे शिकले, पण क्योदा गोजू-र्‍यूत आले नाहीत. त्यांनी आपल्या शैलीला तोओन-र्‍यू म्हटलं. हे नाव गुरूंच्या आडनावातल्याच अक्षरांच्या दुसऱ्या उच्चारातून आलंय. कोण जास्त निष्ठावान म्हणायचा?

गोजू या नावाचीही गंमत आहे. १९३० च्या सुमारास मियागींचा शिष्य शिंझातो जिनान तोक्योला प्रात्यक्षिक द्यायला गेला. तिथे विचारलं, तुमची शैली कुठली? सांगायला नावच नव्हतं! त्यानंतर मियागींनी 'बुबिशी' या जुन्या ग्रंथातून कठोर आणि मृदू अशा अर्थाचे दोन शब्द घेतले. हा शिंझातो त्यांचा वारस होणार असं सगळे धरून चालले होते. १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत तो गेला. मियागींनी नंतर दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही, आणि ८ ऑक्टोबर १९५३ ला तेही गेले.

पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. मियाझातो एइइचींचं जुंदोकान, यागी मेइतोकूंचं मेइबुकान, तोगुची सेइकिचींचं शोरेइकान. हिगा सेको तर आधीपासून शिकवत होतेच. जपानच्या मुख्य भूमीवर यामागुची गोगेन. यागींचे लोक म्हणतात, मियागींच्या घरच्यांनी गुरूंचा पोशाख आणि पट्टा यागींनाच दिला. मियाझातोंचे लोक म्हणतात, ज्येष्ठ शिष्यांनी मियाझातोंना निवडलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही!

आता माझं मत. मियागी सगळ्यांना सांचिन हा पायाभूत काता शिकवायचे. श्वास, पायांची पकड, अंगाचा ताठपणा, तेच ते वर्षानुवर्षं. पण त्यापुढचे काता शिष्याची अंगकाठी बघून, प्रत्येकाला एखाददुसराच, असं त्यांचे शिष्य सांगत आले आहेत. चाळीस वर्षं वर्गात उभं राहिल्यामुळे मला हे लगेच पटलं. मी गणिताच्या मुलाला जे दिलं ते भाषेच्या मुलीला दिलं नाही. उद्या दोघंही माझं नाव सांगतील, आणि दोघांचंही बरोबर असेल. गुरूनं ज्याचे तुकडे करून वाटले, ते अख्खं एकाच्या हातात असेल कसं? अल्लादियाखाँसाहेबांच्या केसरबाई आणि मोगूबाई, दोघींचं गाणं वेगळं होतं. घराणं मात्र जयपूर-अत्रौलीच ना?

बाण काढणाऱ्याला हे चालत नाही. बाणाला एकच टोक असतं. मला तर वाटतं, तो तक्ता विद्येसाठी कमी आणि फीच्या पावतीसाठी जास्त आहे. (सर हे वाचणार नाहीत, म्हणून लिहिलं.)

काल नातीला हे सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आजी, आमच्या तक्त्यात क्योदा का नाहीत?"

सरांना विचार म्हटलं. अजून विचारलेलं नाही. पण आज संध्याकाळी मैत्रीण घरी आली होती, आणि गच्चीवर दोघींचं सांचिन चाललं होतं. कुणाचं बरोबर यावरून भांडणही.