मुदतीचे ओझे एकाच खांद्यावर नको

रुग्ण घरी परतला की कुटुंबापुढे दुसरी धावपळ उभी राहते. कॅशलेस सुविधा मिळाली नसेल तर देयके, पावत्या, तपासणी अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड विमा कंपनीकडे मुदतीत पोहोचवावे लागते. अनेक पॉलिसींत ही मुदत १५ किंवा ३० दिवसांची असते. गोव्यातून बेळगावला किंवा बेळगावातून पुण्याला उपचारासाठी गेलेल्यांना तर एका राहिलेल्या शिक्क्यासाठी पुन्हा परगाव गाठावे लागते.

मुदत टळली म्हणजे दावा बुडालाच, हा समज मात्र सर्वस्वी खरा नाही. विलंब अपरिहार्य कारणाने झाला असेल, तर केवळ त्या आधारे खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात बजावले आहे. २०१७ मध्ये वाहनचोरीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विलंबाचे समाधानकारक कारण असल्यास तांत्रिक मुद्द्यावर दावा फेटाळणे अयोग्य ठरविले.

मुदतीचे बंधन कंपन्यांवरही आहे. २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचारांची मंजुरी एका तासात, तर रुग्णाला घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावयाची आहे. त्यापुढील विलंबामुळे रुग्णालयाने वाढीव आकारणी केल्यास ती कंपनीने सोसावयाची आहे. प्रतिपूर्तीचा दावा रखडविल्यास बँक दरापेक्षा दोन टक्के अधिक व्याज देणे कंपनीला भाग आहे.

तरीही तराजू समतोल नाही. कंपनीला विलंबाची किंमत व्याजापुरती मोजावी लागते. विमाधारकाची मात्र सारी रक्कम पणाला लागते. शिवाय नियम ठाऊक नसल्याने नकाराचे पत्र हाती पडताच अनेक जण हक्क सोडून देतात.

म्हणूनच विलंबाचे कारण पुराव्यासह लेखी कळवावे आणि प्रत्येक कागदाची पोच जपून ठेवावी. कंपनीकडे केलेल्या तक्रारीचे निवारण महिनाभरात झाले नाही, तर ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यासाठी विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यासाठी गोवेकरांना पुणे, बेळगावकरांना बंगळूरु, इंदूर-ग्वाल्हेरकरांना भोपाळ, तर वडोदरेकरांना अहमदाबाद हे कार्यालय आहे. येथेही मुदत आहेच : कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्ष. निदान ही मुदत तरी हुकू देऊ नये.