विश्लेषण : फिशटँकवर पालेभाजी… सोलापूरच्या उन्हात आणि पाणीटंचाईत हे गणित जुळते का?

खाली मासे, वर कोथिंबीर-पुदिना आणि मध्ये फिरणारे पाणी. ‘माती नको, खत नको, ९० टक्के पाण्याची बचत’ असे सांगणाऱ्या ‘अ‍ॅक्वापोनिक्स’च्या चित्रफिती मोबाइलवर जोरात फिरत आहेत. वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी पिंपात साठवणाऱ्या सोलापूरकरांना पाणीबचतीचा हा दावा आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. मात्र घरातल्या टाकीवर नेमके किती पिकते, पाणी खरेच वाचते का आणि चाळिशीपार तापमानात मासे तग धरतात का, हे पैसे घालण्यापूर्वी तपासायला हवे.

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे काय?

मत्स्यपालन आणि मातीविना शेती यांची ही जोडी आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया मिसळतो. तो साचला तर मासे मरतात. खडीवर वाढणाऱ्या जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, तर दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट हे झाडांचे अन्न. मुळे ते शोषून घेतात आणि स्वच्छ झालेले पाणी पुन्हा टाकीत पडते. तळ्यातल्या पाण्यावर पीक घेण्याची पद्धत मेक्सिकोतील ‘चिनाम्पा’ आणि आशियातील भात-मासे शेतीत जुनीच आहे. आजच्या बंदिस्त पद्धतीला आकार आला तो १९७० आणि ८० च्या दशकांत, अमेरिकेतील प्रयोगांतून. त्यात व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठातील जेम्स रॅकोसी यांचे काम पायाभूत मानले जाते.

टाकी बसवली की लगेच भाजी येते का?

नाही. जिवाणूंची वसाहत तयार होण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. बहुतेक नवख्यांचे मासे याच काळात दगावतात, कारण टाकी भरताच त्यात मासे सोडले जातात आणि अमोनिया हाताळणारे जिवाणू अजून तयारच नसतात. मोजके मासे, चिमूटभर खाद्य आणि अमोनिया-नायट्राइट तपासणारे किट, हा या काळातला मार्ग. सोलापूरचे उबदार हवामान इथे मदतीला येते. थंड पाण्यात हे जिवाणू मंदावतात, उबदार पाण्यात लवकर वाढतात.

घरातल्या टाकीवर किती भाजी निघेल?

दाव्यांची खरी कसोटी इथे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान अ‍ॅक्वापोनिक्सवर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यानुसार १ चौरस मीटर पालेभाजीसाठी रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य टाकीत पडावे लागते. म्हणजे भाजी किती येणार, हे टाकीच्या आकारापेक्षा मासे किती खातात यावर ठरते.

१०० लिटरच्या टाकीत एकूण अर्धा किलो वजनाचे मासे आहेत आणि ते वजनाच्या १ टक्का खातात, असे धरू. रोजचे खाद्य झाले ५ ग्रॅम. त्यावर पोसली जाणारी जागा साधारण ०.११ चौरस मीटर, म्हणजे सव्वा चौरस फुटाच्या आसपास. एका चौरस मीटरला महिन्याला ४ किलो पालेभाजी, असे सढळ हाताने धरले तरी हाती येते ४०० ते ४५० ग्रॅम. प्रौढ व्यक्तीने रोज १०० ग्रॅम पालेभाजी खावी, या सर्वसाधारण आहारसल्ल्याने चौघांच्या कुटुंबाची एका दिवसाची गरजच ४०० ग्रॅम होते. थोडक्यात, महिनाभराच्या मेहनतीतून एका दिवसाची भाजी. टोमॅटो-मिरचीला खाद्य आणि प्रकाश आणखी लागतो, त्यामुळे लहान टाकीवर त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

मग ९० टक्के पाणीबचतीचा दावा खोटा का?

खोटा नाही, पण अर्धवट आहे. ही तुलना मातीतल्या शेतीशी केलेली असते. फिरत्या पाण्याच्या पद्धतीत बाष्पीभवन आणि झाडांच्या वापरापोटी रोज साधारण १ ते ३ टक्के पाणी कमी होते. १०० लिटरच्या टाकीला महिन्याला ३० ते ९० लिटर भर घालावी लागते, उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यापाशी टाकी असेल तर जास्तच. मंडईतून भाजी आणणाऱ्या घराच्या पिंपातून पूर्वी हे पाणी जात नव्हते. शेतात वाचलेले पाणी त्या घराच्या पिंपात परत येत नाही.

मात्र ज्यांच्याकडे फिशटँक आधीच आहे, त्यांचे गणित उलटे आहे. साध्या टाकीतले एक चतुर्थांश पाणी दर आठवड्याला बदलायचे तर १०० लिटरमागे महिन्याला सुमारे १०० लिटर पाणी मोरीत जाते. झाडे नायट्रेट शोषू लागली की हा बदल बराच कमी करता येतो. त्यामुळे जुन्या टाकीवर वाफा बसवणे म्हणजे बचत, तर बचतीसाठी नवी टाकी घेणे म्हणजे जादा खर्च.

सोलापुरात वेगळी अडचण कोणती?

पहिली अडचण उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम असणारे प्रमाण ३० अंशांना साडेसातच्या आसपास येते. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, त्यामुळे तो इथल्या उन्हाळ्यात कमकुवत ठरतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग सोडतो ते गप्पी मासे उष्णता अधिक सोसतात, पण आकाराने लहान असल्याने खातातही कमी. झाडांतही पालक, लेट्यूस उन्हाळ्यात टिकत नाहीत. पुदिना, तुळस, माठ यांना त्या काळात पसंती द्यावी.

दुसरी अडचण पाण्याच्या प्रतीची. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू आणि मासे दोघांनाही घातक असते. उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवलेल्या पाण्यातून ते बऱ्याच अंशी निघून जाते. बोअरचे पाणी अनेकदा जड असते. सामू ८ च्या वर गेला की अमोनिया अधिक विषारी होतो आणि झाडांना लोह मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात. सामू ७ च्या आसपास राहिलेला बरा. खडी निवडतानाही काळजी हवी. तिच्यावर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, ती वापरू नये.

तिसरी अडचण विजेची. पंप थांबला की भर उन्हाळ्यात काही तासांतच मासे तडफडू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन नाही, गरज आहे.

खर्च किती, अनुदान मिळते का?

पाण्याचा आणि हवेचा पंप मिळून १८ वॅट आणि ४० वॅटचा एलईडी दिवा रोज १२ तास धरला, तर महिन्याला सुमारे २७ युनिट वीज लागते. युनिटला ८ ते १० रुपये धरल्यास २२० ते २७० रुपये होतात. अर्धा किलो पालेभाजीसाठी ही किंमत जास्तच आहे. पूर्वेच्या खिडकीत किंवा सज्जात वाफा ठेवला तर दिव्याचा, म्हणजे जवळपास निम्मा, खर्च वाचतो. भरलेल्या टाकीचे वजन खडीसह १०० किलोवर जाते, हेही जागा ठरवताना ध्यानात घ्यावे.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मासे आणि फिरत्या पाण्यावरील मत्स्यपालनासाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद आहे. पण ती व्यवसायासाठी आहे, दिवाणखान्यातल्या टाकीसाठी नाही.

खाण्यासाठी कोणती खबरदारी?

माशांवरील औषधे, विशेषतः तांबेयुक्त औषधे आणि मॅलाकाइट ग्रीन, भाजीच्या टाकीत कधीही वापरू नयेत. आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून उपचार करावा. पानांवर टाकीचे पाणी उडू देऊ नये आणि भाजी धुऊनच वापरावी. खाण्यासाठी मासे पाळायचे असतील तर थाई मांगूर टाळावा. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. उजनीत मुबलक मिळणारी चिलापी काटक असली तरी मूळची परदेशी आहे, त्यामुळे नको झालेले मासे तलावात किंवा नदीत सोडणे चूकच.

निष्कर्ष काय?

उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातील निम्म्याहून अधिक मृत साठा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण या मृत साठ्यातही खोलवर गेले होते. या पातळीवरची टंचाई फिशटँक सोडवू शकत नाही, आणि घराची भाजीची पिशवीही भरू शकत नाही. घरात टाकी आधीपासून असेल, खिडकीत ऊन येत असेल आणि रोज दहा मिनिटे देण्याची तयारी असेल, तर चटणीपुरता पुदिना आणि फोडणीवर टाकायला कोथिंबीर मात्र नक्की मिळेल. शाळकरी मुलांना नायट्रोजनचे चक्र डोळ्यांसमोर दिसेल, तो फायदा वेगळाच. नवी टाकी, दिवा आणि पंप विकत घेऊन भाजीचा खर्च वाचवायचा बेत असेल, तर तेवढ्याच जागेत मातीच्या चार कुंड्या अधिक स्वस्त पडतील.