अनुभव आहे, पुरावा नाही : परदेशी व्हिसाच्या गुणगणितात लहान शहरांतील अभियंत्यांची कोंडी

तंजावर (तामिळनाडू) : आठ वर्षे नोकरी केलेल्या अभियंत्याची परदेशी व्हिसाच्या हिशेबात पाच वर्षेही पूर्ण भरत नाहीत, असे सहज घडू शकते. त्याने खोटे सांगितलेले नसते आणि अधिकाऱ्याने नियम मोडलेला नसतो. केलेले काम आणि कागदावर सिद्ध होणारे काम यांतील अंतरामुळे हे घडते. कौशल्याधारित स्थलांतराच्या गुणपद्धतीत हे अंतर सर्वांत महाग पडते ते तंजावरसारख्या शहरांतील उमेदवारांना.

तंजावर हे आता केवळ बृहदीश्वर मंदिराचे आणि भातशेतीचे शहर राहिलेले नाही. शास्त्र विद्यापीठ आणि वल्लम येथील पेरियार मणियम्मै संस्थेतून दरवर्षी अभियंते बाहेर पडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये येथे ‘टायडेल निओ’ हे छोटे माहिती तंत्रज्ञान संकुल सुरू झाले. तिरुचिरापल्लीच्या रस्त्यावर तुवाकुडी परिसरात ‘भेल’च्या बॉयलर कारखान्याच्या आधाराने वाढलेले फॅब्रिकेशनचे लघुउद्योग आहेत. पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे लहान सॉफ्टवेअर कंपनीत किंवा अशा एखाद्या लघुउद्योगात काढायची, मग चेन्नई किंवा बंगळूर गाठायचे आणि तिशीच्या आसपास परदेशाचा विचार करायचा, हा येथील तरुणांचा परिचित मार्ग आहे. अडचण येते ती या पहिल्या दोन-तीन वर्षांची.

गुण कसे मिळतात?

स्थलांतरितांना गुण देऊन निवडण्याची पद्धत कॅनडाने १९६७ मध्ये सुरू केली. ऑस्ट्रेलियाने ती १९७९ मध्ये स्वीकारली. ओळखपाळख, वंश किंवा देश न पाहता शिक्षण, वय, भाषा आणि अनुभव यांवर निवड व्हावी, हा त्यामागील घोषित हेतू.

ऑस्ट्रेलियाच्या सध्याच्या नियमांनुसार कुशल स्थलांतर व्हिसासाठी किमान ६५ गुण लागतात. त्यात देशाबाहेरील अनुभवाला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर ५, पाच वर्षांनंतर १० आणि आठ वर्षांनंतर १५ गुण मिळतात. ऑस्ट्रेलियातील अनुभवाला याहून अधिक, म्हणजे एका वर्षाला ५ पासून आठ वर्षांना २० पर्यंत गुण आहेत. मात्र दोन्ही मिळून २० पेक्षा अधिक गुण मिळत नाहीत. हा अनुभव निमंत्रणापूर्वीच्या दहा वर्षांतील, अर्जात निवडलेल्या व्यवसायाशी निगडित, आठवड्याला किमान २० तासांचा आणि सवेतन असावा लागतो. बिनपगारी उमेदवारी यात धरली जात नाही. घरच्या व्यवसायात पगाराची नोंद न ठेवता केलेले कामही सिद्ध करता येत नाही.

नियम वाचताना सोपे वाटतात. गुंतागुंत सुरू होते ती ‘कुशल’ या शब्दापासून. उमेदवार नोकरीला लागला त्या दिवसापासून नव्हे, तर संबंधित मूल्यांकन संस्था त्याला ज्या दिवसापासून ‘कुशल’ मानते त्या दिवसापासून अनुभव मोजला जातो. संगणक क्षेत्रासाठी हे काम ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी करते. पदवी निवडलेल्या व्यवसायाशी जवळून निगडित असेल, तर मागील दहा वर्षांतील दोन वर्षांचा अनुभव पात्रता सिद्ध करण्यातच खर्ची पडतो. पदवी तितकी निगडित नसेल, तर चार वर्षे वजा होतात. अभियांत्रिकीच्या इतर शाखांसाठी असलेली इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था अशी सरसकट वजाबाकी करीत नाही. मात्र भारत ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सदस्य झाला तो २०१४ मध्ये, आणि त्याचा लाभ राष्ट्रीय मान्यता मंडळाने त्या दर्जाची मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांपुरताच आहे. उर्वरित पदवीधरांना स्वतःच्या कामाचे तीन सविस्तर वृत्तान्त लिहून क्षमता दाखवावी लागते.

एका उदाहरणाची बेरीज

ही वजाबाकी कशी लागू होते, हे एका काल्पनिक पण नियमांना धरून असलेल्या उदाहरणातून स्पष्ट होईल. ३२ वर्षांचा एक संगणक अभियंता घ्या. वयाचे ३०, पदवीचे १५ आणि इंग्रजीच्या ‘प्रोफिशियंट’ पातळीचे १० असे त्याचे ५५ गुण होतात. जोडीदार, राज्याची शिफारस आदींचे गुण तूर्त बाजूला ठेवू. नोकरी सलग आठ वर्षांची असल्याने त्याने अनुभवाचे १५ गुण धरले. बेरीज ७० झाली.

मूल्यांकनात दोन वर्षे वजा झाली. अनुभव सहा वर्षांचा राहिला, गुण १० झाले आणि बेरीज ६५ वर आली. आता त्याच्या पहिल्या नोकरीचे १४ महिने पाहू. कंपनी लहान होती, पगार रोखीने मिळे आणि आता ती बंद पडली आहे. हे महिने सिद्ध न झाल्याने चार वर्षे दहा महिने उरले. गुण ५, बेरीज ६०. पात्रतेची रेषाच हुकली.

आणखी दोन महिने काम केल्यास पाच वर्षे पूर्ण होतील आणि ६५ गुण पुन्हा हाती येतील, असे वाटेल. पण त्या दोन महिन्यांतच ३३ वा वाढदिवस आला, तर वयाचे गुण ३० वरून २५ होतात आणि बेरीज पुन्हा ६० वर येते. अनुभव वाढतो तसे वयही वाढते. ही पद्धत एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. त्यातही ६५ ही केवळ अर्ज करण्याची पात्रता आहे. अनेक व्यवसायांत निमंत्रण मिळण्यासाठी त्याहून बरेच अधिक गुण लागतात. म्हणूनच एका जुन्या नोकरीच्या कागदाचे मोल मोठे ठरते.

भारतीय कागद कोठे कमी पडतो?

परदेशी अधिकाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात. पहिली, कोणते काम केले याचा पुरावा : कंपनीच्या लेटरहेडवर पद, कालावधी, आठवड्याचे तास, वेतन आणि प्रत्यक्ष जबाबदाऱ्या नमूद केलेले पत्र. दुसरी, त्या कामाचे पैसे मिळाल्याचा पुरावा : वेतनचिठ्ठ्या, बँकेचे उतारे, आयकराची कागदपत्रे, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी.

आपल्याकडील रूढ अनुभव प्रमाणपत्र यांपैकी पहिल्याच कसोटीवर अपुरे ठरते. ‘अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे कार्यरत होती, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ एवढाच त्याचा मजकूर असतो. त्यातून काम कोणते होते हे कळत नाही. मोठ्या कंपन्यांतही मनुष्यबळ विभाग धोरण म्हणून जबाबदाऱ्यांचा तपशील द्यायला नकार देतात. अशा वेळी माजी वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने शपथेवर केलेले निवेदन सादर करता येते. मात्र त्याला वेतनाच्या पुराव्याची जोड लागते.

दुसऱ्या कसोटीवर कंपनीचा आकार निर्णायक ठरतो. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची सक्ती सामान्यतः २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर आहे. दहा-बारा जणांच्या वर्कशॉपमधील अभियंत्याचे निधी खाते नसणे हा कायद्याचा भंग नव्हे. ‘फॉर्म १६’ मिळतो तो पगारातून कर कापला गेल्यास. उमेदीच्या वर्षांतील तुटपुंज्या पगारावर कर लागतच नाही. म्हणजे मालकाने एकही नियम मोडला नसला, तरी कर्मचाऱ्याच्या हाती त्रयस्थ यंत्रणेची एकही नोंद राहत नाही. याउलट मोठ्या कंपनीतील कर्मचाऱ्याचा निधी, कर आणि पगार हे सारे संगणकावर नोंदलेले असते. दोघांचे काम सारखे असले, तरी गुण सारखे मिळत नाहीत.

येथेच गुणपद्धतीच्या निःपक्षपाती असण्याला मर्यादा पडते. ती उमेदवाराचा देश किंवा ओळख पाहत नाही हे खरे. पण त्याच्या पहिल्या मालकाची दप्तरव्यवस्था मात्र पाहते. ही अडचण तंजावरपुरती नाही. कोल्हापूर आणि इचलकरंजीचे लघुउद्योग, नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतील सुटे भाग बनवणारे कारखाने किंवा बेळगावच्या फाउंड्री येथून सुरुवात केलेल्या मराठी अभियंत्यांनाही हेच गणित लागू होते.

अधिक गुण मागण्याचा धोका

पुरावा कमी असताना गुण मागून पाहण्यात काय बिघडते, असा समज उमेदवारांत आढळतो. तो घातक आहे. ऑस्ट्रेलियाच्या ‘स्किलसिलेक्ट’ या ऑनलाइन यंत्रणेत उमेदवार आधी स्वतःच आपले गुण नोंदवतो. त्या वेळी कागद तपासले जात नाहीत. निमंत्रण आल्यावर ६० दिवसांत शुल्कासह अर्ज करायचा असतो आणि खरी तपासणी त्यानंतर होते. निमंत्रणात नमूद असलेल्या गुणांपेक्षा सिद्ध झालेले गुण कमी भरले, तर अर्ज नाकारला जातो. ८५ गुणांवर निमंत्रण मिळालेल्या उमेदवाराचे ८० सिद्ध झाले, तर ते ६५ पेक्षा कितीही अधिक असोत, उपयोग होत नाही. मुख्य अर्जदाराचेच शुल्क साडेचार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक आहे आणि नकारानंतर ते सहसा परत मिळत नाही.

या यंत्रणेत आणखी एक सापळा आहे. चालू नोकरीची शेवटची तारीख रिकामी ठेवली, तर काळ पुढे सरकेल तसे गुण आपोआप वाढतात. मूल्यांकन संस्थेने वजा केलेली वर्षे यंत्रणेला ठाऊक नसतात. ती वर्षे ‘निगडित नसलेला अनुभव’ म्हणून स्वतंत्रपणे नोंदवली नाहीत, तर उमेदवाराच्या नकळत त्याच्या नावावर जादा गुण जमा होतात आणि चूक लक्षात येते ती नकारपत्र हाती पडल्यावर.

बनावट पत्र ही याहून गंभीर बाब आहे. खोटी कागदपत्रे किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचे आढळल्यास नकारासोबत सामान्यतः तीन वर्षांची बंदी येऊ शकते. त्या तीन वर्षांत वयाचे गुणही घटू शकतात. तपासणी अधिकारी मालकाशी थेट संपर्क साधू शकतात. ‘पत्राची व्यवस्था आम्ही करू’ असे आश्वासन देणारा सल्लागार शुल्क घेऊन मोकळा होतो; परिणाम भोगतो तो अर्जदार.

कॅनडाचा पर्याय निवडणाऱ्यांसाठी हिशेब थोडा वेगळा आहे. तेथील ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धतीच्या १२०० गुणांच्या क्रमवारीत परदेशी अनुभवाला स्वतंत्र गुण नाहीत. भाषेची उत्तम पातळी किंवा कॅनडातील अनुभव यांची जोड मिळाली तरच त्याचे मोल होते. मात्र तेथेही मालकाच्या पत्रात जबाबदाऱ्या, तास आणि वेतन यांचा उल्लेख लागतोच.

जुने शहर, जुना प्रश्न

नोकरीसाठी दूर जाणे तंजावरला नवे नाही. १८५५ मध्ये भोसल्यांचे संस्थान खालसा झाल्यावर येथील मराठी भाषक घराण्यांनी इंग्रजी शिक्षण आणि सरकारी चाकरीची वाट धरली. कुंभकोणम येथे जन्मलेले राजा सर टी. माधवराव मद्रासमधील लेखा कार्यालयातील नोकरीपासून सुरुवात करून त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. एका संस्थानातील कामगिरी हीच दुसऱ्या संस्थानासाठी त्यांची शिफारस होती. आजच्या अर्जदारामागे असा लौकिक नसतो आणि गुणपद्धतीला तो चालतही नाही. तिला कागद हवा. कागद जपला तर काय उरते, हेही याच शहरात दिसते. येथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा दरबाराचे मोडी दस्तऐवज आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत.

पुढे काय?

डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या स्थलांतर धोरणात ऑस्ट्रेलियाने गुणपद्धतीच्या फेरविचाराचा मानस व्यक्त केला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यावर चर्चापत्र काढले. मात्र नियम बदलले तरी पुराव्याची अट सैल होईल, अशी अपेक्षा करण्यास आधार नाही.

खरा बदल भारतातून येऊ शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये कामगारांना नियुक्तिपत्र देणे बंधनकारक करण्यात आले आहे. लघुउद्योगांत त्याची काटेकोर अंमलबजावणी झाली, तर आज नोकरीला लागणाऱ्या तरुणाच्या हाती दहा वर्षांनंतर किमान पहिला कागद असेल. विद्यापीठांचे नोकरी मार्गदर्शन कक्ष, तसेच १९७८ पासून कार्यरत असलेले तामिळनाडू सरकारचे ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन यांनी कागदपत्रांचे मार्गदर्शन पदवीच्या वेळीच दिले, तर त्याचा उपयोग अधिक होईल.

तोपर्यंत जबाबदारी उमेदवाराचीच आहे. पगार बँकेतून घ्यावा. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरावे. वेतनचिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे जपावेत. आणि जबाबदाऱ्यांचा तपशील असलेले पत्र नोकरी सोडतानाच मागावे. कंपनी बंद पडल्यावर किंवा वरिष्ठ निवृत्त झाल्यावर ते मिळवणे जवळपास अशक्य होते. परदेशी जाण्याचा निर्णय तिशीत होत असला, तरी त्याची कागदपत्रे विशीतल्या पहिल्या पगारापासूनच जमवावी लागतात.